आईचं जिस्टचं ऑपरेशन झालं. आता तीन वर्षं गोळी घ्यायची, की नुसतं लक्ष ठेवायचं?

वडगावचा_माग (8 एप्रिल, रात्री 10:50)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचक आहे. आज घरचं विचारायला आलोय. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आई 58 वर्षांची. वडगावात आमचे चार पॉवरलूम आहेत. तिचं सगळं आयुष्य कांड्या भरण्यात आणि मागावरचा तुटलेला धागा सांधण्यात गेलं. दिवाळीपासून तिला धाप लागायची. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं, ते आता मनाला फार लागतंय. फेब्रुवारीत शौचाला डांबरासारखं काळं होतंय असं तिनं माझ्या बायकोला सांगितलं. हिमोग्लोबिन 6.1 निघालं. दुर्बीण वरून घातली, खालून घातली, दोन्हीकडं काही नाही. शेवटी सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्यावर गाठ दिसली.

ऑपरेशन बेळगावातच झालं, आज बरोबर पाच आठवडे झाले. आतड्याचा तेवढा भाग काढून दोन टोकं जोडली. आठव्या दिवशी आई घरी आली. रिपोर्टात आहे तसं लिहितो: जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग), गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर (जिस्ट, म्हणजे जठर-आतड्याच्या भिंतीत होणारी कॅन्सरची एक गाठ), 6.5 सेंटीमीटर, गाठ फुटलेली नाही, कडा स्वच्छ, सीडी117 आणि डॉग1 (जिस्ट ओळखायच्या खुणा) पॉझिटिव्ह, मायटोसिस 50 हाय पॉवर फील्डमध्ये 4.

आता अडलंय ते इथं. सर्जन म्हणतात, सगळं निघालंय, तीन-चार महिन्यांनी स्कॅन करत राहू. "एनू भय इल्ल" (काही भीती नाही), असं आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणतात इमॅटिनिब नावाची कॅन्सरची गोळी, 400 मिलिग्रॅमची, रोज एक, तीन वर्षं, आणि लगेच चालू करा. का, ते विचारायच्या आत पुढचा पेशंट आत आला.

दोन शिकलेली माणसं दोन टोकाचं सांगतात. मामा म्हणतात सर्जनचं ऐक, पोट त्यांनी उघडून बघितलंय. गोव्यातली बहीण म्हणते गोळी चालू कर, उगाच जोखीम कशाला. रात्र रात्र झोप नाही. कुणाच्या घरी हे झालं असेल तर सांगा.

हलशीची_लेक

दादा, आधी एक. जिना चढताना बसणाऱ्या आया आपल्या सगळ्यांच्या घरी आहेत. तुम्ही एकट्यानंच दुर्लक्ष केलं असं मनात धरू नका. हिमोग्लोबिन आता किती आहे?

वडगावचा_माग

9.8. लोहाची इंजेक्शनं झाली. चालती-फिरती आहे. शेजारच्या काकूंना तिनं सांगितलं, "मला जीएसटी निघालाय." काकू म्हणाल्या, "अगं तो तर सगळ्यांनाच लागलाय." चार महिन्यांनी आमच्या घरात कुणीतरी मोठ्यानं हसलं, बघा.

निपाणीचा_पाटील

माझंच सांगतो. मलाही जिस्ट झालेला, जठरावर, 4 सेंटीमीटर. नऊ वर्षं झाली. गोळी नाही, काही नाही. पहिली काही वर्षं स्कॅन केले, आता वर्षातून एकदा. तंबाखूच्या वखारीत रोज दहा तास उभा असतो. तुमच्या सर्जनचं ऐका. इतकी ताकदीची गोळी उगाच तीन वर्षं आईच्या पोटात कशाला?

काच_आणि_रंग

पाटील साहेब, तुमची तब्येत अशीच राहो. पण तुमचं उदाहरण या माउलीला लागू होत नाही. मी कोल्हापुरात पॅथॉलॉजीत आहे, दिवसभर असल्याच काचा बघते. जरा सविस्तर लिहिते.

जिस्टमध्ये गाठ निघाली म्हणजे संपलं, असंही नसतं आणि गाठ निघाली तरी परत येणारच, असंही नसतं. चार गोष्टींवर ठरतं: गाठ केवढी, कुठं होती, पेशी किती वेगानं दुभंगत होत्या (तोच मायटोसिसचा आकडा), आणि गाठ फुटली होती का. यातलं "कुठं" लोक विसरतात. जठरावरची गाठ त्या मानानं गरीब. तीच गाठ लहान आतड्यावर असली की स्वभाव बदलतो.

मिएटिनेन आणि लासोटा या दोघांनी शेकडो रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन 2006 मध्ये तक्ता मांडला. आम्ही रिपोर्ट देताना आजही तोच धरतो. 5 ते 10 सेंटीमीटरची गाठ आणि मायटोसिस 5 किंवा कमी, असं असलं तर जठरावर ती पुढं डोकं वर काढण्याचं प्रमाण 3.6 टक्के. लहान आतड्यावर 24 टक्के. म्हणजे शंभरातल्या साधारण चौघांना विरुद्ध चोविसांना. तुमच्या आईचा खण हा दुसरा, मध्यम धोक्याचा.

आता नीट वाचा. त्याच गाठीत मायटोसिस 5 च्या वर असतं, तर लहान आतड्यासाठी तो आकडा 85 टक्क्यांवर जातो. 24 आणि 85! आणि तुमच्या रिपोर्टात आहे 4. मोजणं माणसाच्या डोळ्यांनी होतं. गाठीचा कुठला भाग काचेवर घेतला, काळपट आकसलेली पेशी दुभंगणारी धरली की नाही, मायक्रोस्कोपचं क्षेत्र केवढं, यावर एक-दोनचा फरक सहज पडतो. जुन्या मायक्रोस्कोपची 50 क्षेत्रं म्हणजे 5 चौरस मिलिमीटर. आजच्या रुंद भिंगात तेवढी जागा वीस-पंचवीस क्षेत्रांतच भरते. म्हणून आता मोजणी 5 चौरस मिलिमीटरमध्ये द्यायची पद्धत आहे. तुमच्या रिपोर्टात ते लिहिलेलं नाही.

गोळी की नको, हे ठरवायच्या आधी दोन कामं करा. एक, काचा आणि ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) दुसऱ्या ठिकाणी, जिथं जिस्ट नेहमी बघतात तिथं, परत मोजून घ्या. दोन, त्याच ब्लॉकवरून जनुकाची तपासणी करायला सांगा, किट आणि पीडीजीएफआरए. कारण गोळी सगळ्या जिस्टवर सारखी चालत नाही. किटच्या एक्झॉन 11 मध्ये (एक्झॉन म्हणजे जनुकाचा एक तुकडा) बिघाड असेल तर उत्तम चालते. एक्झॉन 9 असेल तर 400 च्या डोसला कमी दाद देते, आणि तो प्रकार लहान आतड्यातच जास्त सापडतो. पीडीजीएफआरएमधला डी842व्ही असेल तर इमॅटिनिबचा उपयोगच होत नाही. बघितल्याशिवाय तीन वर्षं औषध घेणं म्हणजे कुलूप न बघता किल्ली घेणं.

निपाणीचा_पाटील

ताई, हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माझा सल्ला मागं घेतो. वडगावकर, राग नसावा.

खानापूर_रोड

माझ्या मिस्टरांनी तीन वर्षं पूर्ण गोळी घेतली. मागच्या श्रावणात बंद झाली. त्यांची गाठ 11 सेंटीमीटरची होती, लहान आतड्यावरच, त्यामुळं घ्यायची की नाही हा प्रश्नच आला नाही. गोळीसोबत दिवस कसे जातात तेवढं सांगते, ते डॉक्टर सांगत नाहीत.

पहिलं म्हणजे ही सलाईनमधून देतात ती केमो नव्हे. केस गेले नाहीत. हे रोज कामावर गेले. पण फुकटात काही मिळत नाही. सकाळी उठले की डोळ्यांच्या खाली पाणी भरल्यासारखी सूज, दहा वाजेपर्यंत उतरायची. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, ते मात्र फार. अंथरुणात उठून बसायचे, मी अंगठा वर दाबून धरायची. पहिले दोन महिने मळमळ. भरल्या पोटी, मोठा पेला पाणी घेऊन गोळी घेतली की मळमळ निम्म्यानं कमी. उपाशीपोटी कधीच नाही, एकादशीला सुद्धा नाही. सासूबाईंना हे पटवायला मला वर्ष लागलं.

रक्ताची तपासणी सुरुवातीला वरचेवर, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. पांढऱ्या पेशी एकदा उतरल्या तेव्हा दोन आठवडे गोळी थांबवली, परत चालू केली. अंगाची कांती फिकट झाली होती, ती आता परत येतेय.

आणखी एक. गोळी बंद झाली त्या दिवशी आम्ही पेढे वाटले, आणि त्याच रात्री मला खरी भीती वाटली. तीन वर्षं त्या गोळीचा आधार झाला होता.

अनगोळ_नाका

माझ्या ओळखीत एक वैद्य आहेत चंदगडकडे. मुळीचं चूर्ण देतात. दोघातिघांच्या गाठी विरघळलेल्या मी ऐकल्यात. गोळीसोबत ते पण चालू ठेवा, दोन्ही बाजूंनी मारा होतो.

गोकाकचा_औषधवाला

अनगोळकर, तुमच्या मनात चांगलंच आहे हे कळतंय. तरी हात जोडून सांगतो, दोन्ही एकत्र अजिबात नको. इमॅटिनिब यकृतात ज्या वाटेनं मोडतं, त्याच वाटेनं शेकडो औषधं जातात. एखाद्यानं ती वाट तुंबवली तर गोळी अंगात साचते, एखाद्यानं मोकळी केली तर गोळी कामाला लागायच्या आत निघून जाते. टीबीचं रिफॅम्पिसिन, फिट्सचं फेनिटॉइन ही दुसऱ्या प्रकारातली. चूर्णात काय आहे हेच माहीत नसेल तर काय होईल ते कुणी सांगायचं? आईला आधीपासून बीपीची, थायरॉइडची, रक्त पातळ करायची कुठली गोळी असेल तर तिची चिठ्ठी डॉक्टरांसमोर ठेवा.

पैशांचं कुणी विचारलं नाही, पण मनात असणारच. एकेकाळी मूळ कंपनीची ही गोळी महिन्याला लाखाच्या वर जायची. आपल्या कंपन्यांची त्याच्या दहाव्या हिश्शाच्याही आत. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि देशी गोळीचा रस्ता कायमचा मोकळा झाला. आता ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. जनऔषधीत पण विचारा. दुकानादुकानांत फरक पडतो, दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका.

खडेबाजार_शंकर

कार्डाचं काय? आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएलला वर्षाला घरामागं 5 लाखांपर्यंत आहे. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गोळीचं पॅकेज आहे का ते आधी विचारा. लोक काउंटरवर पैसे भरून मोकळे होतात आणि मग कार्ड काढतात.

सीमावासी_66

2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावर कर्नाटक सरकारनं हरकत घेतली. आमच्या आजारपणातसुद्धा दोन राज्यं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, डॉक्टर बोलणार कन्नडमध्ये, पेशंटला कळतं मराठी...

खडेबाजार_शंकर

माझ्या वडिलांच्या वेळी वॉर्डातली कन्नड सिस्टरच रात्री स्टुलावर बसून मोडक्या मराठीत सगळं समजावून सांगायची. तिचं नावसुद्धा विचारायचं राहून गेलं.

सीमावासी_66

ते मान्य. माणसांबद्दल माझी तक्रार नाहीच.

संपादक_मंडळ

सीमाप्रश्नाचे तीन धागे चालू आहेत. इथं आईंच्या उपचारांवरच बोलूया, ही विनंती.

चिकोडीचा_धाकटा

कडू अनुभव आहे, पण लिहितो. माझ्या थोरल्या भावाला तीन वर्षं सांगितलेली. चौदाव्या महिन्यात त्यानं स्वतःच बंद केली. स्कॅन स्वच्छ होता, पायांचे गोळे सोसवत नव्हते, आणि गावात कुणीतरी म्हणालं, बऱ्या माणसानं औषध कशाला खायचं. त्यानं आम्हाला सांगितलंही नाही. गोळ्यांची डबी भरायचा आणि गोळ्या न खाताच ती रिकामी करून दाखवायचा. दीड वर्षानं यकृतावर गाठी. आता परत तीच गोळी, यावेळी थांबायचं नाही. गाठी आकसल्यात, तो शेतात जातो, पाच वर्षं झाली. पण वहिनी अजून त्या डबीकडं बघून रडते.

घ्यायचं ठरलं तर पूर्ण घ्या. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका.

आकडेमोड

मला वाटतं भावनेच्या भरात सगळेच गोळीकडं झुकायलोय. दुसरी बाजू मांडणं गरजेचं आहे.

तीन वर्षांचा सल्ला आला कुठून? स्कँडिनेव्हिया आणि जर्मनीतल्या 400 रुग्णांच्या अभ्यासातून, 2012 मध्ये निकाल छापून आला. एक वर्ष गोळी घेतलेल्यांत पाच वर्षांनी 47.9 टक्के लोकांना रोग परतला नव्हता, तीन वर्षं घेतलेल्यांत 65.6 टक्के. जिवंत राहण्याचं प्रमाण 81.7 वरून 92 टक्क्यांवर गेलं. आकडे जबरदस्त आहेत. पण त्यात घेतलेले रुग्ण जास्त धोक्याचे होते. वडगावकरांच्या आईचा खण मध्यम.

मध्यम आणि जास्त, दोन्ही धोक्याचे रुग्ण घेऊन युरोपात दुसरा मोठा अभ्यास झाला, 908 जणांचा. निम्म्यांना दोन वर्षं गोळी, निम्म्यांना नुसतं लक्ष. तीन वर्षांनी रोग न परतलेले 84 विरुद्ध 66 टक्के, गोळीवाल्यांचं पारडं जड. पाच वर्षांनी 69 विरुद्ध 63. म्हणजे अंतर कमी होत गेलं. आणि ज्यांना रोग परतला त्यांना तेव्हा गोळी दिली तर ती चालली, त्यामुळं पुढं गोळी निकामी ठरण्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही.

याचा माझ्या परीनं अर्थ असा: गोळी चालू असेपर्यंत रोगाला दाबून धरते. काही जणांत ती रोग मुळातून घालवते की फक्त लांबवते, हे या आकड्यांतून सुटत नाही. म्हणून जो सर्जन नुसतं लक्ष ठेवू म्हणतो, तो हलगर्जी करत नाही. त्याच्या बोलण्यालाही आधार आहे.

काच_आणि_रंग

आकडे बरोबर आहेत, आणि हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं. फक्त त्यात एक जोडा: मध्यम धोक्याचा म्हणून घेतलेला रुग्ण खरंच मध्यम आहे का, हे मोजणीवर. आपण परत तिथंच येतो.

चिकोडीचा_धाकटा

आकडेमोड, परतल्यावर गोळी चालते हे खरं, माझा भाऊच साक्षीला आहे. पण परतल्यावर तीन वर्षांची मुदत राहत नाही, ती जन्माची होते. शंभरात किती, हे तुम्ही मांडलंत. घरात एकच माणूस असतो.

आकडेमोड

मान्य आहे. माझ्या बोलण्यानं तुमच्या घरच्या दुःखाला धक्का लागला असेल तर माफ करा.

हलशीची_लेक

मी परत एक विचारू? सर्जन काय म्हणाले, मामा काय म्हणाले, बहीण काय म्हणाली, सगळं आलं. आई काय म्हणते?

वडगावचा_माग (12 एप्रिल)

हलशीच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहू शकलो नाही. आईला कुणी विचारलेलंच नाही. "गाठ होती, काढली, बरी आहेस," एवढंच सांगितलेलं. कॅन्सर शब्द तिच्यासमोर उच्चारलेला नाही.

काल सांगितलं. ती कांड्या भरत होती. यंत्र बंद केलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "मला ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या दवाखान्यात साध्या गाठीला कोण नेतंय?" मग म्हणाली, "तुम्ही घाबरू नये म्हणून मी विचारलं नाही."

खानापूर_रोड

अगं बाई. आमच्याकडं पण अगदी असंच झालं होतं.

वडगावचा_माग (19 एप्रिल)

काचा आणि ब्लॉक घेऊन मुंबईला जाऊन आलो. बेळगावच्या लॅबनं काही खळखळ न करता दिले, एक अर्ज आणि सही, बस. काच_आणि_रंग ताईंनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं होतं की ब्लॉक मेणाचे असतात, उन्हात गाडीच्या काचेजवळ ठेवू नका. म्हणून हुबळी–दादर गाडीत रात्रभर उशाशी घेऊन झोपलो. मिरजेच्या पुढं झोप मोडली तेव्हा पाकीट उघडून बघितलं. पिवळसर प्लॅस्टिकच्या जाळीवर मेणाची वडी, काडेपेटीपेक्षा लहान, आणि आत तपकिरी तुकडा, खारकेच्या कापासारखा. आईच्या पोटातलं ते. त्या तुकड्यानं तिला मधल्या पायरीवर बसवलं होतं. किती तरी वेळ हातात धरून बसलो.

परळला टाटा हॉस्पिटलात जमा केले. रिपोर्टाला वेळ लागेल म्हणालेत. ऑपरेशनला साडेसहा आठवडे झाले. उशीर तर होत नाही ना?

काच_आणि_रंग

नाही. त्या अभ्यासांतही ऑपरेशननंतर बारा आठवड्यांच्या आत गोळी सुरू केली होती. तुमच्या हातात वेळ आहे. जखम भरू दे, अंगात रक्त चढू दे.

गोकाकचा_औषधवाला

आणि या काळात आईंना पोटभर खाऊ घाला. शेंगदाणा, गूळ, नाचणीची आंबील, अंडं चालत असेल तर अंडं.

निपाणीचा_पाटील

मी माझी जुनी फाइल काढून बघितली. माझं मायटोसिस 2 होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो आकडा वाचला.

वडगावचा_माग (6 मे)

रिपोर्ट आले. मायटोसिस 5 चौरस मिलिमीटरमध्ये 5. म्हणजे बरोबर काठावर. खण मध्यमच राहिला, पण बोटभर सरकला असता तर दुसरीकडं गेला असता. जनुकाच्या तपासणीत किट एक्झॉन 11, आणि त्यात 557-558 या जागेचा तुकडा गळालेला.

या वेळी दुसऱ्या मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टकडं गेलो, आई सोबत. अर्धा तास दिला त्यांनी. म्हणाले, एक्झॉन 11 म्हणजे गोळी चालेल. पण नेमका हा तुकडा गळालेला असला की गाठ जरा जास्त आक्रमक असते, परतायची शक्यता वाढते. काठावरची मोजणी आणि हे, दोन्ही मिळून ते गोळीकडं झुकतात. तरी म्हणाले, "तुमचा खण असा आहे की नको म्हणालात तर मी तुम्हाला चुकीचं म्हणणार नाही. नको म्हणालात तर स्कॅन मात्र एकही चुकवायचा नाही."

मग ते आईकडं वळून मराठीत म्हणाले, "तुम्ही विचारा." आईनं तीन प्रश्न विचारले. हात थरथरणार का, धागा सांधता येईल का? ते म्हणाले, हात नाही थरथरायचे, डोळ्यांखाली सूज येईल, पाय वळतील. दुसरा, पोराला कर्ज काढायला लागेल का? त्यांनी देशी गोळीचा महिन्याचा खर्च कागदावर लिहून दिला. तो आमच्या आवाक्यातला आहे. तिसरा प्रश्न मला माहीत नव्हता. "मध्ये सोसवलं नाही तर सोडता येईल का, का एकदा धरली की सुटत नाही?" ते म्हणाले, आधी मला सांगायचं, आपण थांबवू, डोस बघू, आणि तरी नको वाटलं तर सोडायचा अधिकार तुमचाच.

बाहेर आल्यावर रिक्षात बसेपर्यंत आई काही बोलली नाही. गोगटे सर्कलला म्हणाली, "घेते. तीन महिने घेऊन बघते, मग पुढचं."

सर्जनना पण जाऊन सांगितलं. त्यांनी सगळे कागद वाचले, म्हणाले, हे माझ्याकडं तेव्हा नव्हतं, आता मीही हेच सांगितलं असतं.

आकडेमोड

उत्तम झालं. काकूंचा तिसरा प्रश्न मी माझ्या सगळ्या आकड्यांत विचारला नव्हता.

चिकोडीचा_धाकटा

तीन महिन्यांनी "मग पुढचं" म्हणतील तेव्हा कुणीतरी जवळ असा. माझा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतोय. भाऊ बोलायला तयार आहे त्यांच्याशी, स्वतःहून म्हणाला.

अनगोळ_नाका

चूर्णाचं मी बोललो होतो, ते विसरा. काकूंना नमस्कार सांगा.

वडगावचा_माग (11 मे)

काल रात्री पहिली गोळी झाली. जेवण झालं, बायकोनं आजीचा पितळी तांब्या घासून भरून ठेवला होता. आईनं गोळी तळहातावर घेऊन उलटसुलट बघितली, म्हणाली, "एवढीशीच?" आणि अर्धा तांब्या पाणी प्यायली. नातवानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर 10 तारखेला फुली मारली. बरोबर नऊ आठवडे आणि चार दिवस.

सकाळी उठून आधी तिचे डोळे बघितले. काही सूज नाही. ती मलाच ओरडली, "काय बघतोयस सारखं."

खानापूर_रोड

सूज पहिल्याच दिवशी नाही यायची. आली तर उशी जरा उंच द्या, जेवणात मीठ-पापड-लोणचं कमी. पहिली रक्ततपासणी कधी सांगितलीय? वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करून वहीत लिहा, पाणी साचलं तर तिथं आधी कळतं.

वडगावचा_माग

24 ला. वही आजच आणतो.